घरच्या मंडळींचे आभार

"वन्सं, तुमच्या दादांना सांगा, बुटाची नाडी सुटलीय. पडतील तोंडावर."

दादा माझ्यापासून दोन हातांवर उभा होता आणि त्याला कानाचा काही त्रास नव्हता. तरी मी रिवाजाप्रमाणे मान वळवली आणि म्हटलं, "दादा, नाडी."

"दिसतंय मला म्हणावं," दादा म्हणाला.

मी मान इकडे वळवली. "दिसतंय म्हणतो."

"दिसतंय तर बांधा म्हणावं," असं म्हणून वहिनीने पदर खोचला आणि ती पुढच्या खडकावर चढलीसुद्धा.

अमेरिकेतलं वाळवंट होतं ते. मार्च महिन्यातली दुपार, आणि माझी मान दुखत होती. माझा भाचा मंदार, म्हणजे या दोघांचा मुलगा, तेव्हा लास वेगासला नोकरीला होता. त्याची बायको त्या शनिवारी कामावर गेली होती, म्हणून तो आम्हा तिघांना गाडीत घालून तासाभरावरच्या रंगीत खडकांच्या दरीत घेऊन आला होता. खडक कसले, डोंगरच्या डोंगर तांबडेलाल, मध्येच हळदीसारखे पिवळे, कुठे गुलाबी, कुठे पांढरेफेक, आणि सगळ्यांवर पट्टे. कपाटात जुन्या लुगड्यांच्या घड्या रचून ठेवाव्यात ना, तसे. तासन् तास बघत बसावं असं सगळं. पण मला सवड कुठे होती? नवरा-बायकोच्या मधलं पोस्ट ऑफिस होते मी. डिसेंबरपासून माझी ही नोकरी चालू होती, बिनपगारी.

आता दादाची ओळख करून द्यायला हवी. श्रीनिवास वाळिंबे, कराडच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक. म्हणजे काय, तर स्टँडवर भोंग्यातून जो आवाज येतो ना, तो माझा दादा. "प्रवाशांनी लक्ष द्यावे. कराड-चिपळूण गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे." सगळी नोकरी त्याने हेच केलं. आवाज असा की लग्नाच्या पंगतीत त्याने "वाढा" म्हटलं तरी लोक पिशव्या उचलायचे. पण भोंगा बंद झाला की माणूस मुका. घरी आला की वर्तमानपत्र, ताट, झोप. वहिनीशी बोलणं म्हणजे "ऐकलं का" आणि "अगं ए", आणि लोकांसमोर तिचा विषय निघाला तर "आमची मंडळी". तिच्या नावाचा उच्चार त्या तोंडातून कोणी ऐकला नव्हता.

नाव तसं चांगलं होतं हो, सुलोचना. लग्नात ठेवलेलं. आमच्यात तेव्हा ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने बायकोचं नवं नाव लिहायची पद्धत होती. वहिनीचं माहेरचं नाव आमच्या घरात चालण्यासारखं नव्हतं, म्हणून आईने हे काढलं. मी करवली, चौदा वर्षांची, नवा परकर नेसून मागे उभी. दादाचा हात ऐनवेळी गडबडला, भलतंच काहीतरी लिहायला लागला, तेव्हा आईने त्याला कोपराने ढोसलं. मग त्याने तळव्याने पुसून नीट लिहिलं. सगळे हसले. तेव्हापासून ते नाव रेशनकार्डावर राहिलं आणि गॅसच्या पावतीवर राहिलं.

तर डिसेंबरात दादा निवृत्त झाला. स्टँडवरच मांडव घालून समारंभ केला. वहिनी नवं नारायणपेठी लुगडं नेसून पहिल्या रांगेत, शेजारी मी. दादा भाषणाला उभा राहिला आणि हातात माइक आल्याबरोबर असा सुटला की विचारू नका. आगारप्रमुखांचे आभार मानले, वर्कशॉपमधल्या एकेका मेकॅनिकचे नावानिशी आभार मानले. कँटीनच्या बजाबाचे चहासाठी, झाडूवाल्या गंगूबाईचे स्वच्छतेसाठी. मग म्हणाला, फलाट क्रमांक तीनवर झोपणारा आपला वाघ्या, त्याने मला रात्रपाळीत फार सोबत केली, त्याला मी विसरणार नाही. वाघ्या म्हणजे कुत्रा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि शेवटी घसा साफ करून, "तसेच घरच्या मंडळींचे आभार," म्हणून तो खाली बसला.

वहिनीने त्या रात्री ताट वाढलं ते मुक्याने. दुसऱ्या दिवशीही मुक्याने. संक्रांत आली, तिळगूळ माझ्या हाती पाठवला. मंदारने दोघांना अमेरिकेला बोलावलं तेव्हा त्याला फोनवरून परिस्थिती कळली असावी, कारण त्याने माझंही तिकीट काढलं. आमचे हे म्हणाले, जा बाई, तुझ्याशिवाय त्यांचं विमान उडायचं नाही. विमानात मी मधल्या खुर्चीवर. मुंबईपासून थेट अमेरिकेपर्यंत, "त्यांना विचारा लोणचं हवंय का", "तिला सांग नको".

हे इतके दिवस मी हसण्यावारी नेलं होतं. पण त्या शनिवारी सकाळी गंमत संपली. आमचं परतीचं विमान सोमवारचं, आणि वहिनीने न्याहरीला मंदारला शांतपणे सांगितलं, "माझं तिकीट बदल. मी इथेच राहते. तुझे बाबा आणि आत्या जातील."

"किती दिवस, आई?" मंदारने विचारलं.

"बघू," ती म्हणाली. वहिनी आयुष्यात कधी "बघू" म्हणाली नव्हती. ती पंचांग पाहून दळण टाकणारी बाई.

मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. म्हटलं, हा काय पोरखेळ वहिनी, दादाला गॅस पेटवता येत नाही. तर ती कढईकडे बघतच म्हणाली, "वन्सं, ढेबेवाडी, उंब्रज, मसूर, उंडाळे, सगळ्या गावांची नावं घेतली त्यांनी जन्मभर. कुत्र्याचं घेतलं. माझं तेवढं जड झालं का? एकदा, फक्त एकदा माझ्या नावाने मला हाक मारू दे म्हणावं. लगेच बॅग भरते."

मी हे टपाल तातडीने पोचवलं. दादा म्हणाला, "हात्तिच्या, एवढंच ना?" उठला, स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला, घसा साफ केला. तोंड उघडलं. मान लाल झाली. कानशिलं लाल झाली. बराच वेळ नुसता "सु, सु" असा आवाज आला, स्टोव्हला पिन मारल्यासारखा, आणि मग एकदम म्हणाला, "पाणी दे गं जरा."

वहिनीने पाणी दिलं. माझ्या हातून.

नंतर मी त्याच्या खोलीत डोकावले तर तो बॅग भरत होता. स्वतःच्या कपड्यांच्या मध्ये त्याने वहिनीचा जांभळा स्वेटर घडी करून ठेवला होता. मला पाहून त्याने झाकण लावलं. मनात आलं, हा माणूस सोमवारी तो स्वेटर घेऊन एकटाच कराडला जाणार, आणि तिथे दार उघडायलाही कोणी नसणार. त्याला बायको नको होती असं कुठे होतं? नाव तेवढं गळ्यातून वर येत नव्हतं.

तर अशा अवस्थेत आम्ही त्या दरीत फिरायला निघालो होतो. मंदारने गाडीतच बजावलं होतं: वाट सोडायची नाही, फोन इथे लागत नाही, आणि सूर्य मावळला की फाटक बंद होतं. पाण्याच्या बाटल्या त्याने स्वतःच्या पाठीवर घेतल्या. पाऊलवाट खडकांना वळसा घालून परत गाडीपाशी येत होती, फार लांब नव्हती, पण वाळूत पाय रुतायचे. दादा थांबून थांबून खडकांकडे संशयाने बघत होता. त्याचं एकच म्हणणं, या वळणावर गाडी बसायची नाही, कुंभार्ली घाट परवडला. वहिनी मात्र सुनेचे बूट घालून, साडी वर खोचून, तुरुतुरु पुढे. तिला कधी असं चढताना मी पाहिलं नव्हतं. एका लाल सुळक्यापाशी ती माझ्यासाठी थांबली, वाऱ्यावर केस उडालेले, आणि म्हणाली, "वन्सं, इथे मी कोणाची कोणी नाही. बरं वाटतंय."

मी म्हटलं, "असं काय बोलतेस गं," आणि घाम पुसला.

वाटेत आणखी मराठी माणसं भेटली. भेटायचीच. कुठल्याशा सहल कंपनीची पन्नासेक मंडळी, सगळ्यांच्या डोक्यावर पोपटी टोप्या, खडकांच्या सावलीत बसून चिवडा खात होती. आम्हाला बघून एकीने आम्ही कुठले ते विचारलं, दुसरीने कराडची तिची मावशी आमच्या ओळखीची निघते का ते पाहिलं, तिसरीने वहिनीच्या हातात चिवड्याचा पुडा कोंबला. दादाने तेवढ्यात एकाला सांगली गाड्यांचं वेळापत्रक तोंडपाठ म्हणून दाखवलं.

तिथून पुढे वाट एका घळीत शिरत होती. दोन्ही बाजूंना उंच भिंती, गुलाबी आणि जांभळ्या पट्ट्यांच्या, आणि मध्ये दोन माणसांना एकमेकांना ओलांडता येऊ नये एवढीच जागा. वहिनी पुढे, मग मी, मागे दादा, शेवटी मंदार. मध्येच माझ्या बुटात खडा गेला म्हणून मी थांबले. माझ्यामुळे मागचे दोघे थांबले. खडा काढून आम्ही घळीच्या पलीकडे बाहेर पडलो तर समोर सगळं मोकळं, लाल टेकाडांची नुसती गर्दी, आणि वहिनी नाही.

पुढे गेली असेल म्हणून आम्ही भराभर चाललो. वळण आलं, पुढचं वळण आलं, नाही. मंदार धावत गाडीपर्यंत जाऊन आला. तिथेही नाही. घळीत पुन्हा शिरून पाहिलं, नाही. तोवर ऊन कलायला लागलं होतं, खडक विस्तवासारखे दिसायला लागले होते आणि सावल्या इतक्या लांबल्या की प्रत्येक सावलीत कोणीतरी बसलंय असं वाटे. मंदारचा चेहरा उतरला. इथे पाय घसरून माणसं अडकतात, असं तो मला हळूच म्हणाला, बाबांना सांगू नकोस. दादाने ते ऐकलं. त्याच्या चेहऱ्याचा रंगच उडाला.

घळीच्या तोंडाशी उभं राहून त्याने हाक मारली. "अगं ए!"

दादाचा आवाज आणि तो खडकांचा भोवरा. चारी बाजूंनी "ए, ए, ए" असं परत आलं. आणि टेकाडांच्या मागून पोपटी टोप्या वर आल्या. एक, मग आणखी दोन, मग एक लांबून. "काय हो?" "आले, आले." "आता काय विसरलात?" चार बायका लगबगीने आमच्याकडे यायला निघाल्या. त्यांच्यामागून त्यांचे नवरेही आले, आपल्या बायकोला परका पुरुष कोण बोलावतोय ते बघायला. त्यातला एक मिश्यांचा गृहस्थ कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"माझ्या मंडळींना का हाक मारताय?"

"तुमच्या नाही, आमच्या मंडळींना मारतोय," दादा म्हणाला. "सापडत नाहीये."

"अरेरे," मिशीवाले एकदम मऊ झाले. "पण मग नाव घेऊन मारा की हाक. आम्हाला कसं कळायचं, कोणाची कोण ते?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. पुन्हा ती मान लाल, कानशिलं लाल. माणूस घाबरला की हाताला सवयीचं काम घेतो. दादाने तेच केलं. तो एका ठेंगण्या खडकावर चढला, दोन्ही हातांचा भोंगा केला, आणि ते वाळवंट दणाणून सोडलं:

"प्रवाशांनी लक्ष द्यावे. कराडहून आलेल्या सौभाग्यवती वाळिंबे जिथे असतील तिथून त्यांनी त्वरित वाहनतळाकडे यावे. त्यांची मंडळी त्यांची वाट पाहत आहेत. प्रवाशांनी आपापले सामान सांभाळावे."

सामानाचं त्याला सांगायचं नव्हतं. ते आपोआप मागून आलं. परिणाम मात्र झाला. पोपटी टोप्यांनी चटकन पिशव्या उचलल्या आणि त्या रांगेत उभ्या राहिल्या. वरच्या कड्यावर एक रानमेंढा आला, वळलेल्या शिंगांचा, आणि आमच्याकडे रोखून बघायला लागला. एरवी मी हसून लोळले असते. पण सूर्य खाली चालला होता आणि वहिनी येत नव्हती.

दादा खडकावर तसाच उभा. हात खाली आले. मग मी ऐकलं, तो हळू, अगदी स्वतःशी म्हणावं तसं म्हणाला, "सुलोचना."

त्याचं त्यालाच काहीतरी झालं. छाती भरून त्याने श्वास घेतला आणि ओरडला, "सुलोचनाऽऽ!" जन्मात पहिल्यांदा. खडकांनी ते नाव घेतलं, फिरवलं, परत दिलं. मंदार माझा दंड धरून उभा होता. मला वाटलं, झालं, आता कुठूनतरी पदर सावरत येईल, म्हणेल, उशीर केलात.

कोणी आलं नाही.

त्याने पुन्हा मारली, आणि पुन्हा. आवाज चिरकला. काही नाही. मंदार म्हणाला, मी गाडी काढतो, फाटकावरच्या लोकांना सांगून येतो, आणि तो पळाला. मिशीवाले आणि त्यांची मंडळी दुसऱ्या बाजूला शोधायला पांगली. दादा मटकन खडकावर बसला. त्या माणसाला रडताना मी वडील गेले तेव्हासुद्धा पाहिलं नव्हतं.

"घेतलं ना गं मी नाव," तो म्हणाला. "उशीर झाला का?"

"येईल रे दादा," मी म्हटलं, पण माझाही धीर सुटला होता. मनात नाही नाही ते यायला लागलं.

दादाने डोळे पुसले. "बेबी, सकाळी ती काय म्हणाली होती? जसंच्या तसं सांग."

बेबी म्हणजे मी. पन्नाशीच्या बाईला बेबी म्हणतात आमच्याकडे, हसू नका. "म्हणाली, एकदा माझ्या नावाने मला हाक मारू दे."

"माझ्या नावाने," दादा म्हणाला.

"हो. माझ्या नावाने."

त्याने टोपी काढली, मांडीवर ठेवली, परत घातली. उठून उभा राहिला. या वेळी हातांचा भोंगा केला नाही. नुसती मान वर केली आणि हाक मारली.

"ताराऽऽ!"

"ओ," मी म्हटलं.

माझ्या तोंडातून निघून गेलं ते. मला कळायच्या आधी. कारण तारा माझं नाव. आई-वडिलांनी ठेवलेलं, बारशाला माझ्या कानात सांगितलेलं. घरात बेबी झालं, भाच्यांची बेबीआत्या झाले, वहिनी तर मी परकरात असल्यापासून वन्सं म्हणत आली. तरी शाळेत मी तारा वाळिंबे होते. दादा लग्नाचा झाला आणि मुलगी पसंत पडली तेव्हा आई म्हणाली होती, सगळं छान आहे, पण मुलीचंही नाव ताराच. एका घरात दोन तारा कशा चालतील? हाक मारायची एकीला आणि ओ द्यायच्या दोघी. म्हणून तिचं नाव काढून घेतलं, माझं राहू दिलं. आणि गंमत बघा, पाच-सहा वर्षांनी मी लग्न होऊन सासरी गेले, तर तिथेही तांदळाचं ताट होतं, आणि आमच्या ह्यांनी त्यात लिहिलं, वैजयंती. जिच्यासाठी वहिनीचं नाव गेलं तिच्याकडेही ते राहिलं नाही. इतकी वर्षं ते नाव कोणाचंच नव्हतं. त्या दिवशी त्या उजाड लाल दरीत ते मला पुन्हा ऐकू आलं आणि मी शाळेतल्यासारखी ओ दिली.

आणि माझ्या ओ-च्या पाठोपाठ, आमच्या बरोबर डोक्यावरून, दुसरी आली.

"ओ."

आम्ही वर पाहिलं. घळीच्या तोंडावरच्या खडकात, दोन पुरुष उंचीवर, एक कोनाड्यासारखी पोकळी होती. त्यात वहिनी बसली होती. पाय खाली सोडलेले, मांडीवर चिवड्याचा पुडा उघडा. मागच्या बाजूने चढून ती तिथे जाऊन बसली होती आणि आम्ही तिच्या पायाखालून चार वेळा गेलो होतो.

"केव्हाची बसलीयस तिथे?" दादा ओरडला.

"तुम्ही अगं ए केलंत त्याच्या आधीपासून."

दोघं बोलत होती. थेट. मी मान वळवायला निघाले होते ती सवयीने, मग तशीच धरून ठेवली.

"मग ओ नाही द्यायची? जीव गेला असता माझा."

"मला कुठे मारली होतीत हाक?" वहिनी म्हणाली. "सौभाग्यवती वाळिंबे तुमच्या आईसुद्धा होत्या. सुलोचना तुमच्या आईंनी आणली. मी वाट बघत होते, माझी येतेय का." मग तिचा आवाज खाली आला. "तुमच्या लक्षात होतं?"

"तांदळात आधी तेच लिहिलं होतं मी," दादा म्हणाला. "आईने ढोसलं, म्हणून."

"पाहिलं होतं मी. 'ता' लिहून पुसलात." चिवड्याच्या पुड्याची तिने घडी घातली, उलगडली, परत घातली. "तेवढ्यावर काढली की सगळी वर्षं. म्हटलं, या माणसाला माहीत आहे मी कोण ते. मग त्या दिवशी तुम्ही वाघ्याचं नाव घेतलंत आणि मला वाटलं, विसरले."

दादाने दोन्ही हात वर केले, लहान मूल उतरवून घ्यायला करतात तसे. वहिनी म्हणाली, तुम्ही नका, तुम्हीच पडाल, मी मागून येते. पण हा ऐकतोय कुठे, उत्साहाने दोन पावलं पुढे टाकली, सुटलेल्या नाडीवर पाय पडला, आणि पालथा. तोंडावर. वाळू होती म्हणून नाक वाचलं.

"सांगितलं होतं," वरून वहिनी म्हणाली. मला नव्हे. त्याला.

तेवढ्यात पोपटी टोप्या परत आल्या, सापडल्या का, सापडल्या का करत. मिशीवाल्यांनी दादाला उठवलं. त्यांच्या बायकोने वहिनीला मिठी मारली आणि नाव काय हो तुमचं, एवढा वेळ ऐकतोय पण नीट कळलं नाही, असं विचारलं. वहिनीने सांगितलं. मी बाजूला उभी होते. उगाच साडीची वाळू झटकली.

मंदार फाटकावरच्या माणसाला घेऊन आला तेव्हा आम्ही वाहनतळावर उभे होतो आणि वहिनी दादाच्या बुटाची नाडी बांधत होती, दुहेरी गाठ मारून. परतताना ती दोघं मागे बसली आणि मी पुढे. सगळी वाट त्यांचं भांडण चाललं होतं, नाडीवरून, वर चढण्यावरून, सौ. वाळिंबे या शब्दावरून. तीन महिन्यांचं साचलेलं होतं. माझ्या मानेला इतका आराम कित्येक दिवसांत मिळाला नव्हता.

मध्ये कधीतरी मंदारने मला विचारलं, "बेबीआत्या, तुझं खरं नाव तारा होतं?"

"होतं," मी म्हटलं.

"आहे," मागून वहिनी म्हणाली, भांडण थांबवून. मग परत भांडायला लागली.

सोमवारी आम्ही तिघंही निघालो. विमानात मी खिडकीपाशी बसले.

याला आता पुष्कळ वर्षं झाली. कराडला दादा अजून ठणठणीत आहे, आणि त्याला ते नाव असं सापडलंय की संध्याकाळी चहाच्या वेळी सगळ्या आळीला ऐकू जातं. शेजारी त्यावर घड्याळ लावतात. वहिनी म्हणते, एकदा मारा म्हटलं होतं, रोज भोंगा लावा म्हटलं नव्हतं. म्हणते, आणि ओ देते.

मला मात्र ती त्या दिवसानंतर वन्सं म्हणाली नाही. परवा दुपारी मी पुरणाला डाळ वाटत होते. बाहेर फोन वाजला, सुनेने उचलला. नवी सून, तिला यातलं काही माहीत नाही. "अहो, इथे कोणी तारा राहत नाही," ती सांगत होती, "राँग नंबर आहे तुमचा. काय? तुमचंही नाव तारा? आजी, तुम्ही नीट बघून लावा बरं."

मी तशीच भरल्या हातांनी धावले. "अगं ठेवू नकोस. मीच ती."

कानाला फोन लावला तर पलीकडून वहिनी खवळलेली.

"केव्हाची हाक मारतेय, तारा. ओ देशील की नाही?"